गिळले, पण मारले नाही

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांत कुष्ठरुग्णांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी होती, त्यांत रत्नागिरीचे नाव वरच्या ओळीत होते. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गासह बाणकोटपासून थेट गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. मुंबईतील दानशूर गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून 1870च्या दशकात रत्नागिरीत कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान उभे राहिले. तिथे राहायला जागा मिळे, अन्न मिळे, जखमांना मलमपट्टी होई. उपचार मात्र नव्हता, कारण रोग कशाने होतो यावरच वैद्यकात एकमत नव्हते. आनुवंशिक दोष, दमट हवा, निकृष्ट अन्न, पूर्वजन्मीचे पाप, ज्याला जे पटेल ते कारण तो सांगे.

किनाऱ्यावरच्या लोकांवर तर एक खास आरोप होता. सर जोनाथन हचिन्सन या नामवंत इंग्रज शल्यविशारदाने आयुष्यभर असे प्रतिपादन केले की, नीट न खारवलेली, कुजकी मासळी खाल्ल्याने कुष्ठरोग होतो. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी तो वयाच्या सत्तरीनंतर, 1902-03मध्ये, भारतात फिरून गेला आणि 1906मध्ये त्याने या विषयावर ग्रंथही लिहिला. मासळीवर जगणाऱ्या कोकणाला हे स्पष्टीकरण वरवर चपखल बसत होते. पण मासळीला न शिवणाऱ्या घरांतही रोग होता आणि समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या गावांतही होता. 1890-91मध्ये भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगानेही आहाराला दोषी धरले नव्हते.

खरे उत्तर हचिन्सनच्या दौऱ्याच्या तीस वर्षे आधी सापडलेले होते. नॉर्वेतील बर्गेन येथे 1873मध्ये गेरहार्ड आर्माउर हॅन्सन याला रुग्णांच्या गाठींतून काढलेल्या द्रवात काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. माणसाच्या एखाद्या जुनाट रोगाशी जोडला गेलेला हा पहिला जिवाणू. क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉखने दाखवला तो त्यानंतर 9 वर्षांनी. हॅन्सनच्या शोधाचा मुंबई इलाख्याशी जवळचा संबंध आहे. 'ग्रेज अ‍ॅनाटमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर 1858मध्ये मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवताना आणि पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असताना त्यांनी कुष्ठरोगाचा ध्यास घेतला. 1873मध्ये ते स्वतः नॉर्वेला गेले, हॅन्सनला भेटले आणि परतल्यावर नॉर्वेप्रमाणे इथेही रुग्णांसाठी आश्रयस्थाने काढावीत, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला. भारतीय रुग्णांच्या ऊतींत हा जिवाणू दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसत होते ते मात्र विचित्र होते. जिवाणू पेशींच्या मधल्या जागेत मोकळे फिरत नव्हते. ते पेशींच्या आत होते, जुडग्याजुडग्यांनी, गोळे करून. ज्या फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशींत ते ठासून भरलेले होते त्यांचे वर्णन रुडॉल्फ विर्खोने आधीच करून ठेवले होते. पुढे कळले की या पेशी दुसऱ्या कुणी नसून जिवाणूंना गिळून संपवणे हेच ज्यांचे काम, त्या भक्षकपेशी आहेत. रोगजंतू तुरुंगात असायला हवे होते, ते तिथे सुखाने नांदत होते.

भक्षकपेशींचे काम इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने 1882मध्ये ओळखले. इटलीत मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात बारीक काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर फिरत्या पेशींनी काट्यांना वेढा घातलेला. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी असतात, हा त्याचा निष्कर्ष. 1908चे नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी विभागून मिळाले.

मेच्निकॉफने पाहिले ते गिळणे. मारणे ही त्यानंतरची, वेगळी क्रिया आहे. जाळ्यात आलेली मासळी आणि ताटात आलेली मासळी यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन क्रियांत आहे, आणि कुष्ठरोगाचा जिवाणू नेमका त्या अंतरात राहतो.

भक्षकपेशी जिवाणूला गिळते म्हणजे तिच्या बाह्य पटलाची घडी पडून जिवाणूभोवती एक पिशवी तयार होते. सुरुवातीला ही पिशवी निरुपद्रवी असते. मग तिच्या पटलावर टप्प्याटप्प्याने नवी प्रथिने येऊन बसतात. प्रोटॉन आत ढकलणारे पंप बसले की आतले पाणी आंबट होऊ लागते. त्यानंतर ही पिशवी लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशव्यांशी एकजीव होते. लायसोसोममध्ये प्रथिने, मेद, केंद्रकाम्ले अशा साऱ्यांना तोडणारी विकरे भरलेली असतात. आम्लता पाचाच्या खालच्या पीएचपर्यंत पोहोचते. शिवाय पेशी ऑक्सिजनपासून बनलेली तीव्र रसायने आणि नायट्रिक ऑक्साइड आत सोडते. साधा जिवाणू यातून तासाभरात संपतो.

कुष्ठरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर अडथळा आणतो. पहिली गोष्ट त्याच्या आवरणाची. सगळ्या मायकोबॅक्टेरियांचे कवच मेणचट असते. लेप्रीच्या कवचात त्याशिवाय पीजीएल-1 नावाचे, फक्त याच्याच वंशात आढळणारे एक स्निग्ध द्रव्य मुबलक असते. ते ऑक्सिजनच्या तीव्र रसायनांना शोषून निकामी करते. पेशीने सोडलेला मारा कवचावरच जिरतो.

दुसरी गोष्ट पिशवीच्या प्रगतीची. जिवंत जिवाणू असलेली पिशवी पुढच्या टप्प्यावर जातच नाही. लायसोसोम शेजारी असतात, पण जोडले जात नाहीत. क्षयाच्या जिवाणूबाबत हे 1971मध्ये लंडनमधील आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले होते. लेप्री त्याच घराण्यातला. त्याच्या पिशवीभोवती कोरोनिन-1 नावाचे प्रथिन चिकटून राहते आणि ते असेपर्यंत लायसोसोमशी मिलन होत नाही. मेलेला जिवाणू गिळला, तर हेच प्रथिन लवकर गळून पडते आणि पिशवी नेहमीच्या मार्गाला लागते. म्हणजे हा अडसर जिवंत जिवाणू स्वतः कामाला लागून घालत असतो.

तिसरी गोष्ट खाण्याची. पिशवीत अडकलेल्या जिवाणूला पोषण हवे. लेप्री शिरलेली भक्षकपेशी स्वतःत मेदाचे थेंब साठवू लागते. विर्खोला दिसलेला फेस तो हाच. हे थेंब जिवाणूच्या पिशवीभोवतीच गोळा होतात. त्यांतून जिवाणूला अन्न मिळते, शिवाय मेदाने भरलेल्या पेशीची मारण्याची धारही बोथट होते.

लपण्याचे मार्ग सगळ्या जिवाणूंचे सारखे नसतात. स्क्रब टायफसचा जिवाणू पिशवी फोडून पेशीच्या मोकळ्या द्रवात उतरतो आणि तिथे वाढतो. विषमज्वराचा साल्मोनेला पिशवीतली आम्लता सहन करतो, एवढेच नव्हे, तर तिच्याच इशाऱ्यावर आपली हत्यारे बाहेर काढतो. त्यांच्या तुलनेत लेप्रीचे वागणे अगदीच मवाळ. त्याच्याकडे कोणतेही ज्ञात विष नाही. अतिसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या एका ग्रॅम ऊतीत शंभर कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात आणि तरीही त्या माणसाला ताप नसतो, तो रोजच्या कामाला जात असतो.

या शांतपणाची किंमत जिवाणूने स्वतःच्या जनुकांत मोजली आहे. 2001मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यासाठी वापरलेला वाण मुळात तामिळनाडूतील एका रुग्णाचा होता. क्षयाच्या जिवाणूकडे सुमारे 4000 चालू जनुके आहेत, लेप्रीकडे जेमतेम 1600. आणखी सुमारे 1100 जनुकांचे केवळ मोडके अवशेष उरले आहेत. पेशीच्या आत सारे आयते मिळत गेल्याने बाहेर जगण्यासाठी लागणारी यंत्रणा लाखो वर्षांत गंजून गेली. म्हणूनच हॅन्सनपासून आजतागायत कुणालाही हा जिवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढवता आलेला नाही. त्यासाठी 1960मध्ये उंदराच्या तळपायाचा आणि 1971मध्ये आर्माडिलो या अमेरिकी खवल्या प्राण्याचा आधार घ्यावा लागला. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात. त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या, कोपराजवळून वरवर जाणारे मज्जातंतू हे त्याचे मुक्काम का, हे यावरून कळते. वाढही संथ. आपल्या आतड्यातील ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, लेप्रीला 12 ते 14 दिवस लागतात. संसर्ग आणि पहिला चट्टा यांच्यात साधारणतः 2 ते 5 वर्षे जातात, कधी 20 वर्षेही. रत्नागिरीतल्या एखाद्या घरात रोग कुठून आला हे तेव्हाच्या डॉक्टरांना का उलगडत नव्हते आणि आनुवंशिकतेवर अनेकांचा विश्वास का बसला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आजोबांकडून लागण झालेल्या नातवाला चट्टा उठेपर्यंत आजोबा गेलेले असत.

मग ज्यांच्या शरीरात हा जिवाणू शिरतो त्या सर्वांनाच रोग का होत नाही? खरे तर शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक लोकांना तो होतच नाही. इथे दुसऱ्या एका पेशीची भूमिका येते. भक्षकपेशी जिवाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना दाखवते. टी पेशी ओळख पटवून इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश सोडतात. तो मिळताच भक्षकपेशी खडबडून कामाला लागते, अडलेली पिशवी पुढे सरकते, ड जीवनसत्त्वाच्या मदतीने जिवाणूनाशक प्रथिने तयार होतात. हा संवाद नीट झाला की रोग मुळातच रुजत नाही किंवा एखाद-दोन चट्ट्यांवर थांबतो. त्या चट्ट्यांत जिवाणू शोधूनही सापडत नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रुग्णांत टी पेशींकडून वेगळेच संदेश येतात. त्यांत इंटरल्यूकिन-10 प्रमुख. या संदेशाने भक्षकपेशी आळशी होत नाही, उलट तिची भूक वाढते. ती अधिक जिवाणू गिळते, अधिक मेद साठवते, फक्त मारत नाही. गिळण्याचा आणि मारण्याचा कार्यक्रम पेशीत वेगवेगळा असतो आणि एक चालू असताना दुसरा बंद राहू शकतो, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनाने स्पष्ट झाले. अशा रुग्णाच्या चेहऱ्यावर, कानांवर गाठी येतात आणि अंगभर जिवाणू पसरतात. जिवाणू तोच, औषध न घेतल्यास परिणाम मात्र दोन टोकांचे.

या कोड्यावर मुंबईत महत्त्वाचे काम झाले आहे. जे. जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया करत. विकृती झाल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा ती होते कशी हे समजून घ्यावे, या विचाराने त्यांनी 1975मध्ये मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था स्थापन केली. तीव्र प्रकारच्या रुग्णांच्या भक्षकपेशी टी पेशींनाच थोपवणारे घटक स्रवतात, असे तिथल्या संशोधकांनी 1983मध्ये दाखवले. जिवाणू स्वतःच्या पिशवीपुरता बंदोबस्त करून थांबत नाही. ज्यांच्याकडून मदत येऊ शकते त्यांच्याशी होणारा पेशीचा संवादही बिघडतो. डॉ. तन्नाझ बिर्डी आणि अंतिया यांनी कुष्ठरोगातील भक्षकपेशींवर अनेक वर्षे अभ्यास केला.

विकृतीचा प्रश्न मज्जातंतूंशी जोडलेला आहे. मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. लेप्री त्यांच्यातही शिरतो. परिघीय मज्जातंतूंत इतक्या सराईतपणे शिरणारा दुसरा जिवाणू नाही. प्रवेशाचे साधन पुन्हा तेच पीजीएल-1. ते श्वान पेशीभोवतीच्या लॅमिनिन या प्रथिनाला चिकटते. पण तंतूचे नुकसान कोण करते? भारतीय वंशाच्या ललिता रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधील गटाने 2017मध्ये झेब्रामाशांच्या पारदर्शक पिलांत हे घडताना पाहिले. पीजीएल-1च्या संपर्कात आलेल्या भक्षकपेशी मज्जातंतूंना खेटून बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. जे रसायन पिशवीतल्या जिवाणूवर चालायला हवे ते शेजारच्या तंतूचे आवरण उसवते. संवेदना जाते, मग भाजले तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. बोटे झडतात ती अशी, रोगजंतूने थेट खाल्ल्यामुळे नव्हे.

औषधांचाही विचार याच अंगाने करावा लागतो. पेशीच्या आत, पिशवीच्या आत, मेणचट कवचाच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत पोहोचेल तेच औषध उपयोगाचे. 1940च्या दशकात डॅप्सोन आले आणि पहिल्यांदा रोग आटोक्यात येऊ लागला. पण ते वर्षानुवर्षे, अनेकदा जन्मभर घ्यावे लागे आणि एकट्याने दिल्याने त्याला दाद न देणारे जिवाणू तयार झाले. 1981मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. यातले क्लोफाझिमीन मेदात विरघळणारे आहे आणि ते भक्षकपेशींतच साठते, म्हणजे जिथे जिवाणू आहे तिथेच. त्याने कातडी काही काळ तांबूस-काळी पडते, हा त्या साठ्याचाच परिणाम, आणि औषध संपल्यावर हळूहळू ती पूर्ववत होते. रिफॅम्पिसिनच्या तर एकाच मात्रेने बहुतांश जिवंत जिवाणू मरतात आणि रुग्णाकडून होणारा संसर्ग जवळजवळ थांबतो. रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत उपचार संपतो.

मधल्या शंभर वर्षांत समाजाने मात्र जिवाणूऐवजी माणसाला कोंडले. 1898च्या कायद्याने निराधार रुग्णांना पकडून आश्रयस्थानांत ठेवण्याची मुभा दिली. मुंबईत वडाळ्याला 1890मध्ये निघालेले आश्रयस्थान पुढे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले गेले. मराठी पोवाडे गोळा करून प्रसिद्ध करणारे पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांचेच हे नाव. 1898चा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते 2019मध्ये. एकत्रित औषधोपचार आल्यानंतरही कायद्याला शहाणपण सुचायला साडेतीन दशके लागली.

भारताने डिसेंबर 2005मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. त्यामुळे रोग संपला असा समज पसरला. तो चुकीचा आहे. जगात दरवर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतात असतात. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ आणि उत्तर कोकणातील आदिवासी पट्टा यांत प्रमाण अधिक असले, तरी कोणताही जिल्हा यातून पूर्ण सुटलेला नाही. रुग्णाच्या घरातल्या आणि निकटच्या माणसांना आता रिफॅम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंधासाठी दिली जाते. बांगलादेशातील मोठ्या चाचणीत तिने पहिल्या दोन वर्षांत रोगाची शक्यता निम्म्याहून अधिक घटवली होती.

या जिवाणूला दुखावणे जमत नाही, म्हणूनच तो ओळखू येत नाही. खाज नाही, वेदना नाही, ताप नाही. त्यामुळे अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर तो दुखतो का, हे विचारू नका. डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा किंवा पेनाचे टोक टेकवून बघा. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श नेहमीसारखा कळतो, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा कळत नाही. कानाच्या पाळ्या जाड होणे, चेहरा तेलकट व गुळगुळीत चकाकणे, हातापायाला मुंग्या येणे किंवा बोटे वाकू लागणे याही खुणाच. घरोघरी तपासणीला येणाऱ्या आशाताईंना चट्टा दाखवायला लाजू नका आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषधे दोन्ही तिथे मोफत आहेत. मज्जातंतू एकदा मेला की कोणतेही औषध तो परत आणत नाही. त्याआधी गोळ्या सुरू झाल्या, तर हा रोग मागे विकृती न ठेवता पूर्ण बरा होतो.